लिपातची जीभ

लेवोतापोत होड्या निघतात त्या सकाळी सारं गाव दबक्या आवाजात उठतं. नवरा-बायकोत वाजत नाही, पोरांना धपाटे बसत नाहीत, डुकराने अंगणात वाळत घातलेला मका उलथवला तरी बाई त्याला शिवी न हासडता नुसती काठी आपटते. घरात राग ठेवून माणूस समुद्रावर गेला तर तो राग त्याच्याबरोबर होडीत जाऊन बसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि एवढं करूनही एखादीच्या तोंडून वाकडा शब्द गेलाच, तर शेजारीण कुंपणावरून एवढंच म्हणते, "बाई गं, आवर. लिपात होशील."

जिच्यावरून ही म्हण पडली ती लिपात त्याच आळीच्या टोकाला, शेवटच्या माडाखाली राहायची आणि तिला हे सगळं ऐकू यायचं. बाई अंगाने काटकुळी, नवऱ्यामागे एका मुलीला वाढवलेली, आणि बोलणं इतकं कमी की परक्या माणसाला वाटावं, मुकीच असेल. गावाला त्या गप्प राहण्यातही कारण दिसायचं. "आता गप्प बसून काय फायदा," म्हणायचे, "बोलायचं ते बोलून झालं ना."

त्या दिवशी दुपारी तिच्या नोगोला मागणी घालायला माणसं येणार होती.

सकाळपासून चुलीवरच्या खापरात मका तडतडत होता. लिपात गरम दाणे बोटांनी उचलून दगडावर टाकायची आणि वरून दुसरा दगड हाणायची. दाणा चपटा व्हायचा आणि बोटं तेवढ्यात निसटलेली असायची. शेजारी तिची मोठी जाऊ केवा पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. केवा मदतीला आली होती, म्हणजे तोंडाने.

"इतका पातळ कशाला ठेचतेस? व्याही येतायत, आजारी माणसं नाहीत."

"पेनी विहीणबाईंच्या दाढा गेल्यात म्हणे."

"दाढा गेल्या, पण तोंड जाग्यावर आहे. तुझी नि तिची जुंपली ना, तर सगळं गाव..." केवा मध्येच थांबली. कुठे चाललो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. मग तिने उगाच सुपारीला नाव ठेवलं, "कच्चीच आहे मेली." असं तिचं नेहमीचं. आधी सांडायचं, मग पुसायचं. मनाने वाईट नव्हती. पण लिपातची गोष्ट गावात सगळ्यात जास्त वेळा कुणी सांगितली असेल, तर ती केवानेच.

इतक्यात केवाचा नवरा कोपोंग अंगणात आला. रविवारचा पांढरा सदरा, केसांना खोबरेल, अंगभर संकोच. लिपातचा हा मोठा दीर. नोगोला बाप नाही, तेव्हा बापाच्या जागी बसून बोलणी करायचा, मुलीच्या बदल्यात वराकडून येणारा हस्तिदंत घ्यायचा मान त्याचाच. तो आज बोलेल तसं ठरणार होतं.

"नारळ कमी पडतायत," लिपात केवाला म्हणाली. केवा कुरकुरत उठून गेली. तेव्हा चुलीपासून न हलता, मान वर न करता लिपात म्हणाली,

"भावजी, पेनी आज माझ्या जिभेचा विषय काढेल."

"काढेल."

"तुम्ही काय सांगाल?"

कोपोंग भरसमुद्रात होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या हातभर फळीवर, भाला घेऊन उभा राहणारा माणूस. कुठला मासा कुठे वर येणार हे त्याला आधी कळायचं, आणि एकदा कळलं की तो अडखळत नसे. आता मात्र तो बराच वेळ माडाच्या बुंध्याकडे बघत राहिला.

"बघू," म्हणाला.

त्या जिभेचा हिशेब गावात फक्त या दोघांना ठाऊक होता.

लिपातचा नवरा सुबान म्हणजे कोपोंगचा धाकटा भाऊ. त्यांच्या होडीच्या नाळेवर उभं राहायचं ते त्यांच्याच घराण्याने. आधी बाप उभा राहायचा, बापामागे थोरला म्हणून कोपोंग. पण कोपोंगचा हात पहिल्या वर्षी बसेना. पंख पसरलेला मोठा पाकट मासा होडीखालून जायचा, हा उडी घ्यायचा आणि भाला पाण्यात रिकामाच जायचा. वल्हेकरी आधी हसले, मग हसायचे थांबले. सगळ्यांचीच चूल त्या भाल्यावर. मासा आला तर तो चिरून, वाळवून बायका डोंगरावरच्या गावात नेणार, त्याच्या बदल्यात मका-केळी खाली आणणार. खालच्या दगडात मका उगवत नाही. शेवटी होडीचे म्हातारे तांडेल आमा पाती यांनी कोपोंगला वल्ह्यावर बसवलं आणि सुबानला पुढे उभं केलं. आणि सुबानचा पहिलाच भाला लागला.

भावाला भाऊ खुपायला लागतो तो असा.

त्या संध्याकाळी लिपात वाळवणाच्या मांडवामागे माशाचे पट्टे उलटत होती. मांडवाच्या पलीकडे दोघे भाऊ होते. कोपोंगच्या पोटात ताडी होती.

"बापाची जागा माझ्या पायाखालून ओढलीस."

"दादा, मी कुठे ओढली? आमा पातींनी सांगितलं."

"आणि तू लगेच उभा राहिलास. पाय नाही कापले तुझे."

"कापले की. तुला काय सांगू किती कापले ते." सुबान हसला. त्याला प्रत्येक गोष्टीवर हसायची खोड होती. "चल, घरी चल. वहिनी वाट बघत असेल काठी घेऊन."

"हसू नकोस." कोपोंगचा आवाज एकदम खाली गेला. "जा. उभा राहा नाळेवर. दोरीच तुला घेऊन जाईल एक दिवस."

लिपातच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

असा शब्द गेला तर त्यावर उपाय आहे. दोघांनी एका भोपळ्यातलं पाणी घ्यायचं, चूळ भरायची, उंबऱ्याबाहेर थुंकायची. शब्द मातीत जातो. सकाळी सुबान कमरेला फडकं बांधता बांधता म्हणालाही, "आधी दादाकडे जाऊन येतो. चूळ भरतो दोघं." किनाऱ्यावर बाकीच्या होड्या ढकलायला सुरुवात झाली होती, वारा चांगला सुटला होता. लिपात म्हणाली, "आता तो विषय काढलात तर पुन्हा चिडतील. आल्यावर जा. चांगला तुकडा घेऊन जा, राग कुठल्या कुठे जाईल." ती एवढंच म्हणाली होती. तो गेला.

होडी दुपारीच परत आली, शीड उतरवून. शीड उतरवून येणाऱ्या होडीत काय असतं ते किनाऱ्यावरच्या बायकांना सांगावं लागत नाही. कुणाच्या घरचं, एवढंच कळायचं राहिलेलं असतं. भाला बसला होता. पाकट खाली गेला, दोरी सुटत गेली आणि सुटता सुटता तिचा एक वेढा सुबानच्या घोट्याला पडला. सगळ्यात आधी त्याच्यामागे उडी कुणी घेतली असेल, तर कोपोंगने. इतका खोल गेला की वर आला तेव्हा कानांतून रक्त येत होतं. हात मात्र रिकामे होते.

समुद्राने माणूस परत दिलं नाही तर त्याच्या जागी शिंपल्याचं मोठं कवच पुरतात. पाद्रीबाबांनी त्या कवचावर पाणी शिंपडलं. आठ वर्षांच्या नोगोने विचारलं, "यात बाबा कसे मावले?"

मग होडी खोपीत ओढून ठेवली. जोवर घरातला राग सापडत नाही तोवर ती पाण्यात जायची नाही. बाकीच्या होड्या रोज जात होत्या. इतरांच्या मांडवांवर मासा वाळत होता आणि या होडीच्या घरांतल्या बायका रिकाम्या टोपल्या भिंतीला टेकवून बसल्या होत्या. पोरं शेजारच्या चुलीभोवती घोटाळायला लागली. मका संपला, मग चुलीवर टांगलेली शेवटची कणसंही उतरवली.

शेवटी सगळ्यांना खोपीत बसवलं. पुढे पुरुष, मागे बायका. आमा पाती एकेकाला नावाने विचारत गेले, "तुझ्या घरात काही आहे?" कुणाचं बायकोशी भांडण निघालं, कुणाचं शेजाऱ्याशी डुकरावरून. सगळी क्षुल्लक. त्यांनी मान हलवली. हे नव्हे.

"कोपोंग, तुझ्या घरात?"

कोपोंगची आई, म्हातारी तोनू, बायकांत न बसता त्याच्या शेजारी बसली होती. तिने त्याचा गुडघा धरून ठेवला होता.

"नाही," कोपोंग म्हणाला.

लिपात त्याच्या पाठीकडे बघत होती. त्याने खरं सांगितलं असतं, तर काय झालं असतं? भावाला शब्दाने मारणाऱ्या माणसाच्या मागे वल्हं मारायला कोण बसणार? घराण्यात दुसरा पुरुष नव्हता. सुबानला मुलगी, कोपोंगची पोरं गुडघ्याएवढी. होडी खोपीतच कुजली असती, आणि तिच्याबरोबर ही सगळी घरं. म्हातारीचा एक मुलगा पाण्याने नेला होता, दुसरा गावाने नेला असता. लिपातने हे सगळं असं एकापुढे एक मांडून बघितलं नव्हतं. ते तिने मागाहून, डोंगर चढता उतरता कितीतरी वेळा मांडलं. त्या क्षणी तिने फक्त म्हातारीची बोटं पाहिली. गुडघ्यावर पांढरी पडलेली.

"माझ्या तोंडून गेलं," लिपात म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. कोपोंगची तेवढी वळली नाही.

"काय गेलं?" आमा पातींनी विचारलं. "नुसतं गेलं म्हणून चालत नाही. जसं गेलं तसं सांग. नाहीतर धुतलं जात नाही."

लिपातला स्वतःचं असं काही सुचेना. नवऱ्याला ती आयुष्यात कधी वाकडं बोललीच नव्हती, आता कुठून आणणार? मग तिच्या तोंडातून जे ऐकलं होतं तेच निघालं, त्याच खालच्या आवाजात, जसंच्या तसं.

"जा. उभा राहा नाळेवर. दोरीच तुला घेऊन जाईल एक दिवस."

कोपोंगच्या मानेवरचे केस उभे राहिलेले तिने पाहिले.

कुणीतरी बाई "येशू मरिया" पुटपुटली. म्हातारी तोनू उठली, सावकाश, एकेकाच्या खांद्याला धरत मागे आली. लिपातला वाटलं, मारणार. म्हातारीने मारलं नाही. ती लिपातच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली, भांड्याला भोक कुठे पडलंय ते शोधावं तसं. त्यानंतर मरेपर्यंत तिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. लिपात भरून ठेवायची. ते तसंच असायचं.

लिपातला किनाऱ्यावर नेऊन चूळ भरायला लावली. होडी पाण्यात गेली. आणि नाळेवर उभ्या राहिलेल्या कोपोंगने पहिल्याच दिवशी असा पाकट आणला की ओढायला दुसऱ्या होडीची माणसं बोलवावी लागली.

झालं. आणखी काय पुरावा हवा होता?

कधी कधी लिपातलाच वाटायचं, खरंच आपणच बोललो की काय. "आल्यावर जा" असं कुणी म्हटलं होतं मग? शब्द दुसऱ्याचा होता, पण त्यावरची चूळ तर तिनेच अडवली होती. या दोन्हींतलं जड कुठलं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कोपोंगचा भाला त्यानंतर क्वचितच चुकला. विधवेचा वाटा कोपोंग स्वतः आणून तिच्या दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा. तुकडा नेहमी चांगला असायचा, पोटाकडचा. आत मात्र कधी आला नाही. तीही बाहेर येत नसे. पावलं लांब गेली की ती तुकडा उतरवून घ्यायची.

डोंगराच्या वाटेवर बायका रांगेने चढतात, डोक्यावर माशाच्या टोपल्या, तोंडाने गप्पा. लिपात त्यांच्यामागून जायची, त्यांचा आवाज ऐकू येईल पण शब्द कळणार नाहीत इतक्या अंतराने. वरच्या गावात उतो नावाची बाई होती. तिच्या आईचा लिपातच्या सासूशी देवाणघेवाणीचा घरोबा, तो या दोघींकडे चालत आलेला. उतो जाडजूड, हसरी आणि भलती तोंडाळ.

"आली माझी खारट बाई," ती लांबूनच ओरडायची. "बस. या वेळी मका बारीक आहे, आधीच सांगते, मग तोंड वाकडं करू नकोस. तू करत नाहीस म्हणा. तू भाव करतेस की पाद्रीबाबांसारखी कबुली ऐकतेस तेच कळत नाही मला."

"खालच्या बायका तुझ्याशी माझ्याबद्दल बोलल्या असतील."

"बोलल्या ना. चार जणींनी चार तऱ्हेने सांगितलं. आमच्याकडे होड्या नाहीत, बाई. माझा मका काही तुझ्या जिभेने बुडत नाही." मग माशाचा पट्टा नाकाला लावत, लिपातकडे न बघता, "पण मला ते पटत नाही. तू बोलली असशील असं."

"बोलले."

"बरं. बोललीस," उतो म्हणाली आणि मापाच्या वर आणखी ओंजळभर मका टाकला.

हाच प्रश्न एकदा नोगोनेही विचारला होता. शाळेत कुणी तरी चिडवलं होतं. दारात उभी राहून, ओठ घट्ट मिटून तिने विचारलं, "आई, तू बाबांना तसं म्हणालीस?" लिपातने तिच्याकडे पाहिलं. लहान पोरीच्या पोटात गोष्ट राहत नाही. आज शाळेत जाईल, उद्या किनाऱ्यावर.

"म्हणाले," ती म्हणाली.

नोगो आत गेली. पुढे ती आईशी वाईट कधी वागली नाही. माग शिकली, रंग शिकली, आईची टोपली उचलू लागली. फक्त त्या दिवसापासून ती आईच्या कुशीत झोपली नाही.

तर आता ती मोठी झाली होती, आणि दुसऱ्या होडीवरचा दोमी नावाचा वल्हेकरी तिच्यावर जीव टाकून बसला होता. दुपारी त्याची माणसं आली. दोमी, त्याचे मामा आणि आई, मानाने म्हणायचं तर इना पेनी, जिला दाढा नव्हत्या. आमा पाती आता थकले होते, त्यांना दोघांनी धरून आणलं. पुरुष आणि पेनी ओसरीवर बसले. लिपात आणि नोगो आत, बांबूच्या कुडामागे. कुडाच्या फटीतून लिपातला कोपोंगची पाठ दिसत होती. खोपीत दिसली होती तशीच, थोडी जास्त वाकलेली.

दोमीच्या मामांनी रीतीप्रमाणे लांबून सुरुवात केली. "आम्ही वाटेने चाललो होतो. तुमच्या कुंपणात केळीचं रोप दिसलं. म्हटलं, कुणी राखलंय का विचारावं."

"कुंपण दिसलं की रोप?" कोपोंगने विचारलं.

"आमच्या पोराला रोप दिसलं. मला कुंपण दिसलं. वयाचा फरक."

सगळे हसले. दोमीने मान खाली घातली. आत नोगोच्या ओठांवर हसू आलं आणि तिने ते आईपासून लपवलं. पान-सुपारी फिरली. दंत किती हाताचा, तो कुणाच्या घरी आहे, यावर थोडी ओढाताण झाली. कोपोंग फार ताणत नव्हता. मग पेनी म्हणाली,

"दंताचं होईल हो. आधी तोंडाचं बोलू."

आमा पातींनी हातातलं पान खाली ठेवलं.

"मला पोरगी आवडते," पेनी म्हणाली. तिचा आवाज काही दुष्ट नव्हता. "हाताला चांगली आहे, चर्चला येते. पण माझा एकच मुलगा, आणि तो वल्ह्यावर बसतो. त्याच्या घरातून सकाळी काय शब्द घेऊन तो जाईल, याची मला रात्रंदिवस काळजी. आईच्या जिभेचं पाणी पोरीच्या जिभेवर उतरतं, असं माझी आजी म्हणायची. खोटं म्हणायची का, सांगा. तुमच्या सख्ख्या भावाचं आहे म्हणून तुम्हालाच विचारते, कोपोंग."

नोगोने आत आईचं मनगट धरलं. "काका काय म्हणतील?" तिने ओठांनीच विचारलं.

लिपातने फटीवरून नजर काढली नाही. इतक्या वर्षांत तिने कधी काही मागितलं नव्हतं, आणि आपल्याला काही हवंय असंही तिला वाटलं नव्हतं. आता एकदम हवं झालं. सगळं नको, एवढंच की 'ती बोलली नव्हती.' तीन शब्द. कुणी बोललं ते नाही सांगितलं तरी चालेल.

कोपोंगने पानाची पिंक टाकली. तोंड पुसलं.

"इना पेनी," तो म्हणाला, "त्या दिवशी..."

पेनी वाट बघत राहिली. आमा पातींनी मान वर केली. अंगणात कोपोंगचा थोरला मुलगा बाकीच्या पोरांबरोबर नारळ फोडत होता. तो कशावर तरी मोठ्याने हसला. याच मोसमात तो बापाच्या जागी नाळेवर उभा राहणार होता. हसणं अगदी सुबानसारखं. कोपोंग तिकडे बघत राहिला, बघता बघता त्याचे खांदे खाली आले. लिपातला ते आतून दिसलं, आणि पुढचं ऐकायच्या आधी कळलं.

"पोरगी आईवर गेलेली नाही," कोपोंग म्हणाला. "आमच्या घरावर गेलीय. माझ्या भावावर. तो कधी कुणाला उलट बोलला नाही."

ओसरीने श्वास सोडला. "मग झालं तर," दोमीचे मामा म्हणाले. पेनीने थोडा विचार केला.

"तुमचा शब्द आहे म्हणून. पण एक अट. होड्या पाण्यावर असतील तेवढे महिने विहीणबाईंनी माझ्या उंबऱ्याला यायचं नाही, आणि पोरीनेही इकडे यायचं नाही. होड्या वर ओढल्या की मग या, बसा, महिनाभर राहा. मी स्वतः कॉफी करून घालीन."

"वहिनीला विचारावं लागेल," कोपोंग म्हणाला. आवाज बसला होता.

लिपात कॉफीचे कप घेऊन बाहेर आली. तिला बघून दोमी उठून उभा राहिला. चांगला मुलगा. तिने एकेकापुढे कप ठेवला. कोपोंगपुढे ठेवताना त्याने वर पाहिलं नाही.

"लिपात," आमा पातींनी विचारलं, "ऐकलंस? मान्य आहे?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, अगदी त्या दिवशीसारखेच. कुडामागे नोगो उभी होती.

"मान्य," लिपात म्हणाली.

माणसं गेली. केवा आणि पोरं उरलेला मका आणि नारळ घेऊन गेली. कोपोंग मात्र पायरीपाशी रेंगाळला. सदऱ्याचं वरचं बटण त्याने उघडलं, पुन्हा लावलं.

"वहिनी."

लिपात ओसरी झाडत होती. तिने केरसुणी थांबवली.

"मी बोलणार होतो."

"हो."

"जीभ उचललीच नाही."

लिपातने केर एका बाजूला केला. "भावजी, पोराला दोरी पायाच्या मागे वेटाळून ठेवायला शिकवा," ती म्हणाली. "पुढे नको. उडी घेताना माणूस खाली बघत नाही."

कोपोंग मान हलवून उतरून गेला. किनाऱ्याकडे नाही, घराकडेही नाही, नुसताच माडांच्या रांगेतून चालत.

आत नोगो कप विसळत होती. पाठमोरीच होती.

"आई, मी नाही म्हणून कळवू का त्यांना?"

"नको. दोमी चांगला आहे. तू आत नसशील तेव्हाही कुडाकडे बघून हसतो."

नोगो हसली नाही. हातातला कप तिने पालथा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग इतकी वर्षं मनात ठेवलेलं एकदाच बाहेर पडलं, रागाने नव्हे, रडतच.

"तू जन्मभर गप्प बसतेस. कुणी काय म्हणो, तू गप्प. एका सकाळी, एकाच सकाळी का नाही बसलीस गप्प?"

लिपात तिच्यामागे उभी होती. पोरीच्या केसांत चुलीची राख उडाली होती. ती तिने बोटाने काढली.

"चुकलं, बाळा," ती म्हणाली.

लग्न होड्या वर ओढलेल्या दिवसांत झालं. कोपोंगने दंत घेतला, लिपातने विणलेलं लुगडं पेनीने गावभर दाखवलं. पुढच्या मोसमात होड्या पाण्यात गेल्या आणि लिपात माशाची टोपली घेऊन डोंगर चढली. बाजारात मुकादमाची शिट्टी व्हायची होती. त्याआधी कुणी वस्तूला हात लावत नाही. बायका आपापल्या ढिगामागे बसून होत्या. उतो आज लांबूनच ओरडली नाही. जवळ आली, बसली, लिपातच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला कळलं नसणार. मघाशी तुमच्या खालच्या बायका पुढे गेल्या, त्या बोलत होत्या. तुझ्या नोगोला मुलगा झाला. परवा. दोघंही ठीक आहेत."

लिपातने टोपली उतरवली. पट्टे एकावर एक रचायला लागली. एक तिरका पडला, तो सरळ केला.

"रंग कुणाचा आहे, म्हणाल्या का?"

"नाही गं, तेवढं नाही म्हणाल्या. विचारू का? त्या तिकडे बसल्यात."

"नको."

"होड्या कधी ओढतात तुमच्याकडे वर?"

"पाऊस लागला की."

उतोने डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. आकाश कोरडं, निळं, कुठे एक ढग नव्हता. मुकादमाने शिट्टी फुंकली आणि सगळा बाजार एकदम उठून बोलायला लागला.